स्टँटनचा मॅनेजर आणि मुंबईचा कमिशनर

सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासनसंस्थांचा पाठ आहे. तो शिकवायला घेतला की दरवर्षी कुणीतरी एक मूल हमखास विचारते, "टीचर, नगराध्यक्ष बडा रहता के सीओ?" आमची शाळा उर्दू माध्यमाची आहे. उर्दूत नगरपालिकेला 'बलदिया' म्हणतात. 'बलद' म्हणजे शहर, त्यावरून बलदिया. पण आमच्या मुलांच्या घरात हा शब्द कधी ऐकू येत नाही. तिथे नगरपालिका, वॉर्ड, मुकादम, नळपट्टी आणि सीओसाहेब हेच शब्द चालतात. जकात हा शब्द तर आमच्या मुलांना फार दिवस गोंधळात टाकत असे. घरात जकात म्हणजे रमजानमध्ये गरिबाला द्यायचे दान आणि गावाच्या वेशीवर जकात नाका म्हणजे ट्रक अडवून पैसे घेण्याची जागा! 1999 मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तो गोंधळही संपला. असो.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी नेहमीचे उत्तर दिले, की नगराध्यक्ष लोकांनी निवडलेला असतो आणि मुख्याधिकारी शासनाने नेमलेला असतो. मुलाचे समाधान झाले नाही. त्याच्या वडिलांची फळांची गाडी रस्त्यावरून उचलली होती. माजी नगराध्यक्षांनी 'बघतो' म्हटले होते आणि नोटिशीवर सही मुख्याधिकाऱ्याची होती. त्याला मोठा कोण हे व्याख्येसाठी नव्हे, अर्ज कुणाकडे घेऊन जायचा यासाठी हवे होते. मी गप्प बसले. डी.एड., बी.एड. करून इतकी वर्षे शिकवूनही आपल्याला याचे उत्तर येत नाही याची लाज वाटली आणि मी वाचायला लागले. वाचता वाचता मुंबईहून थेट अमेरिकेतल्या एका लहानशा गावात जाऊन पोचले. हा लेख त्याच वाचनातून झाला आहे.

ते गाव व्हर्जिनिया राज्यातले. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे त्याला 'स्टॉन्टन' म्हणावेसे वाटते, पण तिथले लोक 'स्टँटन' म्हणतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन 1856 मध्ये याच गावात जन्मले. 1900 च्या जनगणनेत गावाची वस्ती सव्वासात हजारांच्या पुढे होती आणि 1910 मध्ये ती साडेदहा हजारांवर गेली. आपल्याकडच्या हिशेबाने ही 'क' वर्ग नगरपालिकाही होणार नाही, मोठी ग्रामपंचायतच म्हणा. पण लोकसंख्या दहा हजारांच्या वर गेली आणि राज्यघटनेप्रमाणे स्टँटन पहिल्या वर्गाचे शहर ठरले. पहिल्या वर्गाच्या शहराला एक नव्हे, दोन सभागृहे ठेवावी लागत. एवढ्याशा गावाच्या डोक्यावर संसदेसारखी दोन सभागृहे आणि त्यांच्या समित्यांचा गोतावळा येऊन बसला. रस्त्यांची समिती वेगळी, पाण्याची वेगळी, दिव्यांची वेगळी. सदस्य बिनपगारी, प्रत्येकाचे आपापले दुकान किंवा धंदा. रस्त्यावर चिखल झाला की रस्ते समिती जमणार कधी आणि खडी घ्यायची कुणाकडून यावर दोन सभागृहांचे एकमत होणार कधी? एका समितीने केलेला रस्ता दुसरीने नळासाठी खोदायचा, हे चित्र आपल्याला समजावून सांगायला नको.

जानेवारी 1908 मध्ये स्टँटनच्या कौन्सिलने एक ठराव केला. गावाची सगळी अंमलबजावणी एका पगारी माणसाच्या हाती द्यायची. त्याचे पदनाम 'जनरल मॅनेजर'. त्याने पूर्ण वेळ हेच काम करायचे. सगळी खाती, खातेप्रमुख आणि नोकर त्याच्या ताब्यात. मजुरीचे आणि मालाचे करार त्यानेच करायचे. आतापर्यंत समित्या जे प्रशासकीय काम करीत ते सगळे त्याचे. फक्त अर्थ, कायदे, शाळा आणि हिशेब तपासणी या समित्या त्याच्या हातून वगळल्या. शाळा वगळली हे वाचून मला, शिक्षिका म्हणून, बरे वाटले. पण खरे मर्म अर्थसमिती आणि हिशेब तपासणी या दोन शब्दांत आहे. पैसे किती आणि कशावर खर्चायचे हे कौन्सिलने ठरवायचे आणि खर्च झाल्यावर हिशेबही कौन्सिलनेच तपासायचा. मधले काम तेवढे मॅनेजरचे. काम करणाराच ते तपासणार नाही, एवढी व्यावहारिक अक्कल त्या दुकानदारांना होती. आणि हा मॅनेजर कौन्सिलचा नोकर होता. राज्याने पाठवलेला नव्हता. कौन्सिलने ठेवला, कौन्सिलने काढला.

या पदावर एप्रिल 1908 मध्ये पहिला माणूस आला तो चार्ल्स अॅशबर्नर. पगार वर्षाला 2500 डॉलर. पेशाने इंजिनियर. त्याच्या नेमणुकीमागे एक धरणाची गोष्ट सांगतात. गावाला पाणी देणारा बंधारा दुरुस्तीला आला होता, ठेकेदाराने मोठा आकडा सांगितला आणि अॅशबर्नरने त्याच्या अगदी थोड्या पैशांत काम कसे होईल ते दाखवून दिले. कौन्सिलवाल्यांच्या ते लक्षात राहिले. पुढे त्याने तीन वर्षे गावाचे रस्ते, पाणी, दिवे पाहिले. त्यात चमत्कार काही नाही. खडी घाऊक घेतली, मजुरांची हजेरी ठेवली, कुठला नळ कुठून जातो याचा हिशेब ठेवला. अशा कामाची कुणी पोवाडा गाऊन आठवण ठेवत नाही. पण पाचसात वर्षांत अमेरिकेतली दुसरी गावे हा प्रयोग पाहू लागली. दक्षिण कॅरोलायनातील सम्टर या गावाने 1912 मध्ये ही पद्धत स्वीकारली. मार्च 1913 मध्ये ओहायोतील डेटन शहर महापुराने बुडाले आणि त्यातून सावरताना त्या शहराने 1914 पासून मॅनेजर नेमला. गावाएवढी गोष्ट तिथे शहराएवढी झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आठ मॅनेजर ओहायोतील स्प्रिंगफील्ड गावी जमले, त्यांनी आपली संघटना काढली आणि तिचा पहिला अध्यक्ष अॅशबर्नर झाला. आज अमेरिकेतल्या हजारो लहानमोठ्या शहरांचा कारभार याच पद्धतीने चालतो.

आता ज्या कारणासाठी मी स्टँटनमध्ये इतका वेळ थांबले ते सांगते. हा चार्ल्स अॅशबर्नर जन्मला कुठे? मुंबईत, 1870 मध्ये. वडील ब्रिटिश लष्करातले अधिकारी. शिक्षण पुढे युरोपात झाले. मुंबई त्याच्या लक्षात राहिली असेल असे मला वाटत नाही आणि मुंबईच्या पाण्याने त्याला मॅनेजर केले असले काही मी म्हणणार नाही. पण तो पाळण्यात होता तेव्हा मुंबईत नेमका हाच वाद पेटलेला होता, आणि त्याच्या गावापेक्षा पंधरावीस पटींनी नव्हे, साठ पटींहून मोठ्या शहरात पेटलेला होता.

1865 च्या कायद्याने मुंबईच्या नगरपालिकेची सगळी अंमलबजावणी एका कमिशनरच्या हाती दिली होती. त्याच्यावर देखरेख जस्टिस ऑफ द पीस या मंडळींच्या सभेची. हे जस्टिस सरकारने नेमलेले, निवडून आलेले नव्हेत. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. कर्तबगार माणूस. त्याने गटारे साफ केली, बाजार बांधला. तो बाजार अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणून ओळखला जातो, कागदोपत्री त्याला महात्मा जोतिबा फुले मंडई असे नाव देऊन किती वर्षे झाली तरी. आमच्याकडच्या लोकांची ईदची खरेदी मुंबईत असली तर आजही तिथूनच सुरू होते. पण क्रॉफर्ड पैसे खर्च करताना मागेपुढे पाहत नव्हता. मंजुरी न घेता खर्च होई, मंजूर रकमेच्या बाहेर खर्च होई, आणि जस्टिसांच्या सभेपुढे आकडे येत ते खर्च होऊन गेल्यावर. करांचा बोजा वाढला, करदाते उठले आणि 1871 मध्ये क्रॉफर्डला जावे लागले.

(हाच क्रॉफर्ड पुढे मध्य विभागाचा आयुक्त असताना 1888 मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात गाजला. त्यात अडकलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी घेतली, हे मराठी वाचकाला माहीत असते. मुंबईचा कमिशनर तो हाच, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. माझ्याही नव्हते.)

त्या वेळी सर्वांचे म्हणणे असे होते की एका माणसाच्या हाती सत्ता दिली म्हणून हे झाले, आता कारभार समितीकडे द्या. नोव्हेंबर 1871 मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांचा एक बॅरिस्टर उभा राहिला आणि त्याने उलटेच सांगितले. तो होता फिरोजशहा मेहता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असणे चूक नाही. चूक ही, की त्याच्यावर नजर ठेवणारी सभा लोकांची नाही. समितीला जबाबदार धरता येत नाही, कारण समितीत प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणून कमिशनर एक ठेवा, पण तिजोरीची किल्ली करदात्यांनी निवडलेल्या सभेकडे द्या. सभेतल्या लोकांना त्याचे म्हणणे रुचले नाही. लोकांना क्रॉफर्डचा राग होता आणि हा तरुण क्रॉफर्डच्या पदाची बाजू घेत होता.

1872 च्या कायद्याने मुंबईला 64 सदस्यांचे कॉर्पोरेशन मिळाले. त्यांतले 32 करदात्यांनी निवडायचे, 16 जस्टिसांनी आणि 16 सरकारने नेमायचे. 1873 मध्ये पहिल्या खेपेला जे निवडून आले त्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. पुढे ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि 1887 च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षही. त्यांच्याविषयी आपल्या मंडळींत बोलणे होते ते याच दोन पदांमुळे. पण त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची एक पायरी नळ, गटारे आणि घरपट्टी यांच्या या सभागृहात होती हे आपण विसरतो. आपल्याकडे थोर पुरुष म्हटला की तो नगरपालिकेत बसलेला दाखवणे आपल्याला कमीपणाचे वाटते.

1888 चा मुंबई महापालिकेचा कायदा आला. मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी त्यावर पुष्कळ मेहनत घेतली. कॉर्पोरेशन, स्थायी समिती आणि कमिशनर अशी त्याची घडी, आणि तोच कायदा दुरुस्त होत होत आजही चालू आहे. म्हणजे स्टँटनने जो विचार 1908 मध्ये केला तो मुंबईने आधीच केला होता. फरक एकच, पण तो फार मोठा आहे. स्टँटनचा मॅनेजर कौन्सिलने नेमला. मुंबईचा कमिशनर सरकारने नेमला, तेव्हाही आणि आताही. महापालिकेच्या पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर त्याला परत बोलवावे लागते, अशी तरतूद कायद्यात आहे, तेवढीच काय ती सभागृहाच्या हातातली दोरी. आपल्या लहान गावांचेही तसेच. 1965 च्या अधिनियमाप्रमाणे मुख्याधिकारी शासनाच्या सेवेतला. तो दोनतीन वर्षांनी बदलून जातो. गावाला तो आपला वाटत नाही आणि त्याला गाव आपले वाटत नाही. त्याचा फायदाही आहे, हे मान्य केले पाहिजे. गावातल्या एका मोहल्ल्याचा दुसऱ्यावर राग असेल तर निदान मुख्याधिकारी त्या भांडणात जन्मलेला नसतो.

इथे स्टँटनची दुसरी बाजू सांगायला हवी. अमेरिकेतल्या या सुधारणेची जी पुस्तके आहेत ती कार्यक्षमतेचे गोडवे गातात. पण 1902 च्या व्हर्जिनियाच्या राज्यघटनेने मतदानासाठी पट्टी आणि परीक्षा लावून काळ्या लोकांचा मताधिकार जवळजवळ काढून घेतला होता. स्टँटनच्या ज्या कौन्सिलने मॅनेजर नेमला ती अशा मतदारयादीवर निवडलेली होती. मॅनेजर कौन्सिलला जबाबदार होता हे खरे, पण काळ्यांच्या वस्तीतल्या चिखलाबद्दल जाब विचारणारे कौन्सिलमध्ये कोण होते? पुढे ही पद्धत जिथे जिथे गेली तिथे बहुधा वॉर्ड मोडून सबंध शहरातून सदस्य निवडण्याची रीतही तिच्याबरोबर गेली. वॉर्ड म्हणजे गटबाजी, वशिला, असे सुधारकांचे मत. ते खोटे नव्हे. आमचा वॉर्डाचा नगरसेवक कशात लक्ष घालतो आणि कशात नाही हे मी रोज पाहते. पण शहराच्या एका कोपऱ्यात दाटीने राहणाऱ्या थोड्या लोकांना सभागृहात माणूस पाठवायचा तर वॉर्डाखेरीज दुसरा रस्ता नसतो. सबंध शहराचा एकच मतदारसंघ केला की त्यांची मते विरघळून जातात. हे काळ्यांबाबत अमेरिकेत झाले आणि पुढे अनेक शहरांत कोर्टकचेऱ्या करून वॉर्ड परत आणावे लागले.

आणखी एक गाव. कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसला लागून बेल नावाचे शहर आहे, वस्ती 35 हजारांच्या आसपास, बहुतेक लोक स्पॅनिश बोलणारे, कामकरी, कित्येक परदेशातून आलेले. 2010 च्या जुलैत लॉस एंजलिस टाइम्सने छापले की या शहराचा मॅनेजर रॉबर्ट रिझो वर्षाला 7 लाख 87 हजार डॉलर पगार घेतो. त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा पगार 4 लाख होता. नगरसेवकही जवळजवळ लाखभर डॉलर घेत होते. हे कसे झाले? नोव्हेंबर 2005 मध्ये शहराची स्वतंत्र सनद करण्यासाठी एक खास निवडणूक झाली होती. तीत मतदान करणारे चारशेही नव्हते. त्या सनदेमुळे नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा निघाली. मग निरनिराळ्या मंडळांच्या बैठका काही मिनिटांत उरकायच्या आणि प्रत्येक मंडळाचे मानधन वेगळे घ्यायचे. सगळे विषयपत्रिकेवर होते, सगळे ठरावाने झाले. गॅलरीत कुणी नव्हते एवढेच. 2011 मध्ये लोकांनी नगरसेवकांना परत बोलावले आणि 2014 मध्ये रिझोला बारा वर्षांची शिक्षा झाली. तोच देश, तीच पद्धत. स्टँटनच्या दुकानदारांनी हिशेब तपासणी स्वतःकडे ठेवली होती. बेलच्या कौन्सिलने ती नुसती नावाला ठेवली होती.

आता आपल्याकडे येते. 2021-22 पासून महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांच्या मुदती संपत गेल्या. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागरचना बदलत होत्या, निवडणुका लांबत गेल्या त्या डिसेंबर 2025 पर्यंत. मधल्या काळात कित्येक गावांत मुख्याधिकारी हाच प्रशासक होता. मुख्याधिकारी म्हणून त्याने टिपणी ठेवायची आणि प्रशासक म्हणून त्यानेच ती मंजूर करायची. सूचक तोच, अनुमोदक तोच. क्रॉफर्डच्या समोर निदान जस्टिसांची सभा तरी बसत असे.

या काळात आमच्या शाळेच्या गल्लीतल्या नळाचा अर्ज आम्ही तीनदा दिला. पिण्याचे पाणी मुले घरून बाटलीत आणत. पहिल्यांदा आवक क्रमांक मिळाला, दुसऱ्यांदा पहिला अर्ज सापडत नाही असे कळले, तिसऱ्यांदा साहेबांची बदली झाली होती. मी कुणाला दोष देत नाही. प्रत्येक साहेब सभ्यपणे बोलला, एकाने चहाही पाजला. तो तरुण होता, स्पर्धा परीक्षेतून आलेला, आणि त्याच्या टेबलावर खरोखरच तीन माणसांचे कागद होते. पण आमचा अर्ज सभेत वाचला जावा म्हणून धरायचा तर कुणाला धरायचा? नगरसेवक असताना आपण त्याला शिव्या देतो. तो नसला की कळते, की निदान शिव्या द्यायला तरी कुणीतरी होते.

डिसेंबर 2025 च्या निवडणुकीनंतर मी सहावीचा तो पाठ निराळ्या तऱ्हेने घेतला. वर्गातच नगरपरिषदेची सभा भरवली. फळ्यावर विषयपत्रिका लिहिली: विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे; दोन, शाळेजवळच्या गल्लीत पाण्याची नळजोडणी; तीन, भाजीबाजारातील गाड्यांना जागा; शेवटी, आयत्या वेळचे विषय. नगराध्यक्ष व्हायला अकरा हात वर आले. मुख्याधिकारी व्हायला कुणी तयार नव्हते, कारण त्याला मत नसते असे मी सांगून टाकले होते. शेवटी एका मुलीला बळेच बसवले. सभा सुरू झाली. नगराध्यक्ष झालेला मुलगा घाईघाईने म्हणाला, "विषय नंबर एक, मंजूर, मंजूर?" आणि सगळ्यांनी बाकावर हात आपटून मंजूर केले. तेवढ्यात मागच्या बाकावरची, जिला कुठलेच पद मिळाले नव्हते, ती उभी राहिली आणि म्हणाली, "टीचर, पिछली बार क्या लिखे, वो पढ के तो बताओ पहले."

मागच्या सभेचे इतिवृत्त मी लिहिलेच नव्हते. तास संपायला वीस मिनिटे होती. मुख्याधिकारी झालेल्या मुलीला मी खडू दिला आणि सभा तहकूब करून ते आधी लिहायला लावले.